भावजींची वरची तिजोरी

आमच्या भावजींइतका फोन जपणारा माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. खंडाळ्यात मुंबईकरांचे बंगले सांभाळतात, त्यामुळे किल्ल्या कमरेला आणि संशय डोक्यात, दोन्ही कायमचे. एकदा माकडानं त्यांचा फोन हिसकून दरीत फेकला. नवा घेतला तर जुने सगळे फोटो त्यात परत हजर! तेव्हापासून इंटरनेटवरच्या तिजोरीवर त्यांची श्रद्धाच बसली. "समदं वर ठिवलंय, वयनी," असं आभाळाकडं बोट करून सांगतात. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस निरवानिरव करतोय.

मी आपला नुसता रेडकाचा फोटो मागितला, तर लिंक आली. ती उघडायला पासवर्ड. तोही मेसेजात लिहायचा नाही, वेगळा फोन करून सांगायचा. "कुलूप आन् किल्ली एकदम धाडू न्हाई." मी तव्यावरची भाकरी उतरवून बघते, तोवर लिंकची मुदत संपलेली. "अहो भावजी, रेडकू आहे, हिरा नाही!" तर म्हणे, "सवय लागाया पायजे."

हिरा मात्र होता त्या तिजोरीत. माझी जाऊ गेली, आणि तिचा आवाज एका व्हिडिओत तेवढा उरला, हळदीचं गाणं म्हणताना. भावजींच्या लेकीनं लग्नात हट्ट धरला, मला हळद आईच्याच गाण्यावर लावा. भावजी कबूल झाले, पण आधी कुणाला पाठवतील तर शपथ. ऐन वेळी भावजींचे हात हळदीनं माखलेले, लेकीचे मेंदीनं. फोन आला माझ्या हातात.

"सांगा किल्ली, मी दाबते."

भावजी आपले हळदीचे हातच बघत बसले. लेक रडकुंडीला आली. "अप्पा, इसरला व्हय?"

"न्हाई गं." मान खाली घालून ते म्हणाले, "सुमन."

कुणाला हाक मारली, मला क्षणभर कळेचना. आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. त्यांचा सगळा संसार "अगं, ऐकलं का" वर झालेला. म्हणूनच ही किल्ली कुणाला सुचायची नाही, असा त्यांचा हिशेब. "अवं, उखाण्यात तरी घ्यायचं!" एक म्हातारी ओरडली. पण तोवर जाऊबाईंचा सूर लागला होता, आणि बायका लेकीला हळद लावायला पुढं सरकल्या.

आता किल्ली सगळ्यांना ठाऊक झाली, बदलायला पाहिजे, असं ते स्वतःच म्हणतात आणि बदलत मात्र नाहीत. मीही अधूनमधून विसरल्याचं सोंग करून विचारते, "काय हो भावजी, किल्ली कोणती ती?" ते इकडंतिकडं बघतात, आणि नाव घेतात.