पुसलेल्या चौकटी

जुन्या चित्रपटांची हातांनी रंगवलेली मूळ चित्रे मी वीस वर्षे जमवतो आहे. थिएटरवरचे मोठे बॅनर मिळत नाहीत. त्याच कापडावर पांढरा हात मारून पुढचा सिनेमा रंगवत, शेवटी ते कापड यंत्रमागावरचे सूत झाकायला जाई. उरते ते बॅनरआधी पुठ्ठ्यावर काढलेले हातभर चित्र. डाकूंच्या एका सिनेमाचे असे चित्र मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका तेलुगूभाषक पेंटरनी दिले.

त्यावर पेन्सिलीच्या चौकटी होत्या. पुठ्ठ्यावरची एक चौकट म्हणजे कापडावरचा एक फूट. कडेने तेलुगू अक्षरांत खुणा. पेंटरांचे वडील चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवत. मुलाने तीच रीत डाकूच्या मिशांना लावली. बॅनरवर सही दुकानाची असे, रंगवणाऱ्याची कधीच नाही. त्यामुळे चित्र कोणाचे, हे सांगणाऱ्या फक्त त्या रेघा आणि ती अक्षरे.

गेल्या हिवाळ्यात सोलापुरातच सात रस्त्याजवळ जुन्या चित्रपटकलेचे प्रदर्शन भरले. आपले नाव भिंतीवर नातवंडांना दाखवावे, एवढी पेंटरांची इच्छा होती. मी संयोजकांना चित्र दिले, सोबत नाव लिहून दिले आणि उद्घाटनाला पेंटरांना रिक्षाने घेऊन गेलो.

चित्र स्वच्छ होते. एकही रेघ नव्हती. कडेची अक्षरे नव्हती. खाली चिठ्ठी होती: चित्रकार अज्ञात.

संयोजक म्हणाले, कुणीतरी रेघोट्या मारून चित्र खराब केले होते, ते खास माणूस बोलावून साफ करून घेतले. नावाचे विचारले, तर पुराव्याशिवाय नाव लावता येत नाही म्हणाले. पुरावा तुम्हीच पुसला, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी मला चहा घ्यायला सुचवले. चित्र काढणारा माणूस त्यांच्यापासून चार फुटांवर उभा होता. त्याला विचारावे, असे त्या दालनात कुणालाही वाटले नाही.

रेघा परत मारून द्या, असे मी पेंटरांना म्हणालो. घाईत बोललो, ते चूक होते.

"आता मारल्या तर त्या खोट्या की, साहेब," पेंटर म्हणाले. मग संयोजकांकडे वळले. "अज्ञात म्हंजे मेलेला का हो? मी हितं हाय की."

प्रमुख पाहुणे आले होते. संयोजक हार घेऊन दाराकडे गेले.

मी चित्र खिळ्यावरून उतरवले. यादीतला क्रमांक रिकामा राहील, असे एका कार्यकर्त्याने मला समजावले. राहू द्या, म्हणालो. चिठ्ठी भिंतीवर तशीच राहिली. तिची कुणाला अडचण नव्हती.

नातवंडे रविवारी भिंतीवरचे नाव बघायला यायची होती. रिक्षात बसल्यावर पेंटरांनी घरी फोन लावला आणि प्रदर्शन बंद पडल्याचे तेलुगूत सांगितले.