नऊ नंबरच्या बसमधली न दिसणारी माणसं

माझा मामा नऊ नंबरच्या बसचा कंडक्टर. बावीस वर्षं एकच रस्ता, टेकडीवरच्या वस्तीपासून सरकारी दवाखान्यापर्यंत. माणूस लाखात एक, पण एक खोड होती. ओळखीचं कुणी पिशवीतून पास काढायला लागलं की हा हात हलवायचा, "राहू दे हो, मी काय तुम्हाला ओळखत नाही?" पास मशीनला लावल्याशिवाय माणूस मोजला जात नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग एका अर्थतज्ज्ञ बाईंचा अहवाल आला. नऊ नंबरला म्हणे फेरीमागे चारच माणसं असतात, बस बंद करावी. याच बसमध्ये चढून मतं मागणारे आमचे नगरसेवक हात झटकून मोकळे. "तज्ज्ञांनी सांगितलंय, मी काय करणार?" अस्सा राग आला मला! माझी आई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला याच बसने जाते. रिक्षा आम्हाला परवडत नाही.

"चार? अहो, सकाळी उभं राहायला जागा नसते!" मामा घरी येऊन कडाडला. मग मध्येच थांबला आणि मटकन खाली बसला. बाकीच्यांना त्यानेच हात हलवून गायब केलं होतं.

बस बंद करण्याआधी बाईंसमोर लोकांची सुनावणी होती, तिला तो कडक इस्त्रीचा गणवेश घालून गेला. नोकरी जाईल ही भीती होतीच.

"बाई, तुमचं गणित बरोबर आहे. माणसं मी खाल्ली," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढला. "पंधरा दिवस प्रत्येकाचा पास लावा. मी पुन्हा मोजते."

त्यांनी खरंच मोजलं, आणि बस वाचली. मामाचं लेखी ताकिदीवर निभावलं. नगरसेवकांनी बससमोर फोटो काढून घेतला, घेऊ देत बापडे. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

दुसऱ्या सकाळी आई बसमध्ये चढली आणि सरळ खिडकीशी जाऊन बसली.

"ताई, पास."

"मोजणी संपली ना? अरे, सख्खी बहीण आहे मी तुझी!"

"म्हणूनच मागतोय."

आईने पुटपुटत पिशवीच्या तळातून पास काढून मशीनला लावला. मशीन वाजलं.

"एक," मामा म्हणाला, आणि पुढच्या सीटकडे वळला.