नाट्याच्या रापणीतला माझा वाटा

लग्नाला आठ वर्षं झाली तरी मी यमूच्या माहेरी, राजापूर तालुक्यातल्या नाट्याला, राहायला म्हणून गेलो नव्हतो. दर दिवाळीला तिचा भाऊ यायचा आणि तिला घेऊन जायचा. महिन्याने परतली की चार दिवस ती नाट्याचंच बोलायची आणि मग गप्प व्हायची. त्या गावात असं आहे तरी काय, ते बघायला म्हणून यंदा मीच तिला घेऊन निघालो.

पुण्याहून आगगाडीने कोल्हापूरला गेलं की तिथून रत्नागिरीची मोटार मिळते. आंबा घाट लागण्याआधी खिशात आवळासुपारी ठेवा आणि ड्रायव्हरच्या मागची जागा धरा. मी मागे बसलो आणि भोगलं. मुक्काम रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर केला. तिथल्या खाणावळीत सोलकढी उत्तम, अंथरूण मात्र आपलं न्यावं. सकाळी पडावाच्या होडीतून आगबोटीवर चढताना मी दोन्ही हातांनी कठडा धरला होता, आणि यमू पदर खोचून अशी चढली, जशी आमच्या वाड्याचा जिनाच चढतेय.

जैतापूरला उतरून तरीच्या होडीने खाडीपलीकडे गेलं की नाटे. काठावरूनच हाका सुरू झाल्या, त्याही सगळ्या तिला. माझी ओळख "यमूचा घोव", यमूचा नवरा, एवढीच. पुण्यात मला चाळीस मुलं उभी राहून नमस्कार करतात हो.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने समुद्रात लांबलचक जाळं अर्धगोल टाकायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या माणसांनी वाळूवरून ओढायच्या, मागे मागे चालत. रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, भिवा; यमूचा लहानपणचा शेजारी. समोरचा एक दात पडलेला, तीन पोरांचा बाप. तिला बघताच म्हणाला, "पुण्यात जाऊन हात मऊ झाले काय गो तुझे?"

यमू चपला काढून दोरीला भिडली, आणि हसली. पोटातून, खांदे हलवून हसली. आठ वर्षांत ते हसू मी ऐकलेलं नव्हतं. खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. त्या दात पडलेल्या माणसाने एका वाक्यात ते काढलं आणि मी छत्री घेऊन उभा.

मासळी वर आली. भिवाने वाळूवर वाटे घातले आणि एक यमूपुढे सरकवला. माझ्या बायकोला ह्याने फुकट का द्यावं? मी रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला.

भिवाने रुपया परत माझ्या हातात दिला. "मास्तर, दोरीला हात लावला त्याचा वाटा. तुमी पैसे दिलात तर तिची मेहनत खय गेली?"

यमू घरी येईपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा. मी राहते अजून महिनाभर." तिने माझी ट्रंक भरायलाही घेतली. ती महिन्यानंतर तरी येईल की नाही, ह्या विचाराने मी पानातला भात नुसता चिवडत बसलो. सासरे पानाला चुना लावत म्हणाले, "जावईबापू, सकाळी दोरी धरा."

धरली. कोट काढून, धोतर खोचून धरली. भिवा ओरडला, "मास्तर, हिसके नको, आमच्याबरोबर चला." मी चाललो, दोनदा वाळूत बसलो. तळहात सोलवटून निघाले. शेवटी यमूच्या वाट्याशेजारी तेवढाच एक वाटा पडला, सात बांगडे. भिवा म्हणाला, "हा मास्तरांचा."

यमूने रात्री हातांना खोबरेल लावलं. सकाळी बघतो तर माझ्या ट्रंकेत तिची लुगडी.

पुण्याला येऊन पंधरा दिवस झाले. परवा शाळेतून आलो तर स्वयंपाकघरातून तेच हसू. शेजारच्या काकूंना ती माझी रापण सांगत होती. मला बघून दोघींनी तोंडाला पदर लावला. आता काकूंचाही हेवा करायचा की काय, असं झालं. काकू उठून गेल्या.

यमू म्हणाली, "अहो, एकदा करून दाखवा ना. वाळूत बसलात तसं."

मी दार लावलं. लुगड्यांची वाळत घालायची दोरी खिळ्यावरून काढली, एक टोक तिच्या हातात दिलं आणि मागे मागे चालत फडताळाशी धप्पकन बसलो. ती पोटातून हसली, खांदे हलवून.

त्या हसण्यातला वाटा माझा आहे, मी दोरीला हात लावला होता. नाट्याला पत्र गेलं त्यात हे मी लिहिलेलं नाही. भिवा उगाच जळायचा.