सारखे दिसणारे फोटो

पौषातल्या सकाळी मोंढ्याच्या बाजाराच्या अंगानं वारा वाहू लागला की आमच्या हिंगोलीत हळदीचा वास येतो. उग्र म्हणावा तर तसा नाही, गोड म्हणावा तर तसाही नाही. ओल्या मातीवर ऊन पडावं आणि त्यात कुणी चिमूटभर कापूर चुरडावा, असा काहीसा. इथं जन्म काढलेल्यांना तो आता जाणवतही नाही. मला जाणवतो, कारण त्याच सुमाराला ओट्यावरचा माझा फोन थरथरतो. सात वाजलेले असतात आणि अण्णांचा फोटो आलेला असतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. आखाडा बाळापूरच्या पुढं, फाट्यावरून आत गेलं की त्यांचं शेत आहे आणि शेतातच दोन खोल्यांचं घर. आई गेली तेव्हा मी त्यांना म्हटलं, चला हिंगोलीला, आता एकटं राहायचं नाही. ते म्हणाले, "अन् हळदीला कोण बघंल? तू?" पुढं बोलायची सोयच ठेवली नाही. शेवटी एक करार झाला. रोज सकाळी सातला त्यांनी मला निरोप धाडायचा, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील. पण मातीत राबलेलं ते जाडजूड बोट एका अक्षरावर ठेवावं तर तीन अक्षरं उमटत! मग मीच युक्ती काढली. लिहू नका, नुसता फोटो काढा आणि पाठवा. फोटो आला की मी समजेन, अण्णा बरे आहेत.

आणि काय सांगू, पावणेतीन वर्षांत हा माणूस एक दिवस चुकला नाही! रोज तोच बांध, तीच हळद, तेच मागचं कडुलिंबाचं झाड. सूर्य त्यांच्या पाठीशी असायचा, त्यामुळं फोटोच्या खालच्या कडेपासून त्यांची लांबलचक सावली पिकावर पडलेली असायची. अण्णा स्वतः कधीच फोटोत नसत. व्हिडिओ कॉल करून पाहिला, तर बोलायचं म्हणून ते फोन कानाला लावत, आणि मी पलीकडे पंधरा मिनिटं त्यांचा कान पाहत बसे. आमचे हे म्हणायचे, "तुझ्या वडलांचा चेहरा विसरलो मी, कान मात्र गर्दीतही ओळखेन." आम्ही हसायचो.

पहिल्या पहिल्यांदा फोटो आला की मी लगेच फोन लावी. काय खाल्लं, पाणी सोडलं का, गोळी घेतली का? मग फोन उतरले आणि त्यांच्या जागी जोडलेल्या हातांचं चिन्ह आलं. आधी दर रविवारी शेतात जाणारी मी अमावास्या-पौर्णिमेला जाऊ लागले, मग सणावाराला. शाळेतली नोकरी, परीक्षांचे पेपर, घरी आलंगेलं. कारणांना काय तोटा? एसटीनं तासाभराचा रस्ता, पण तो तास मला मिळेना. आणि मिळवायची निकड तरी कुठं होती? फोटो येत होता ना! माणूस खुशाल असल्याची पावती रोज हातात पडत असताना माणसाला भेटायला कोण जातं? आता हे लिहिताना मला माझी लाज वाटते. तेव्हा मात्र मला माझ्या या युक्तीचं कौतुकच वाटायचं.

परवा शाळेत फोन अडून बसला. पोषण आहाराचा फोटो काढायचा होता, तर म्हणे जागा शिल्लक नाही. आम्हा शिक्षकांचे फोन म्हणजे सरकारी कपाटंच झालेली असतात. वृक्षारोपणाचे फोटो, प्रभातफेरीचे फोटो, भिंतीवर लावलेल्या तक्त्यांचे फोटो, आणि त्यावर गुलाबांसकट उगवलेली शेकडो लोकांची शुभ सकाळ. आमच्या गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "काहून एकेक पुसत बसता? साफसफाईचं अ‍ॅप घ्या ना, बसल्या जागी चकाचक करतंय." घेतलं. पडद्यावर एक निळं चक्र गरगरलं आणि त्यानं माझ्या आयुष्याचे ढीग लावून दिले. हा कचरा, हे मोठे व्हिडिओ, हे न लागणारं. मी मुकाट्यानं बोट दाबत गेले. गुलाब गेले, प्रभातफेऱ्या गेल्या, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका गेल्या. भार उतरल्याचं एक चोरटं सुख असतं, नाही का? माळ्यावरचं भंगार एकदाचं काढून दिल्यावर घर कसं मोकळा श्वास घेतं, तसं वाटत होतं.

मग नवा ढीग आला. त्यावर लिहिलं होतं, सारखे दिसणारे फोटो. उघडला तर सगळी हळद! अण्णांचे पावणेतीन वर्षांचे फोटो नखाएवढे होऊन ओळीनं मांडलेले, आणि त्यातल्या एकाच फोटोच्या डोक्यावर चांदणी. हा सर्वोत्तम, हा ठेवा, बाकीचे काढून टाका. मला हसूच आलं. बाई गं, कशावरून हा सर्वोत्तम? मोठा करून पाहिला, तर आभाळ भरलेल्या एका दिवसाचा फोटो होता. त्यात पीक स्वच्छ दिसत होतं, लिंब दिसत होता, आणि सावली नव्हती. ज्या फोटोत माझे वडील सावलीनंसुद्धा नव्हते, तो त्या यंत्राला सगळ्यांत चांगला वाटला होता.

त्याचा तरी काय दोष म्हणा! आई सुपात धान्य पाखडायची तेव्हा फोलपट उडून जाई आणि दाणा सुपातच राही. पण तिच्या मनगटाला दाण्याचं वजन ठाऊक होतं. यंत्राला कसलं वजन ठाऊक असणार? अशा विचारात मी ते फोटो एकेक करून वर सरकवू लागले, आणि खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदाच ते फोटो पाहू लागले. रोज आला की हात जोडून मोकळी होणारी मी, त्यांच्याकडे नीट पाहिलं होतं कधी? हळद वीतभर होती, गुडघ्याला आली, कमरेला लागली, पिवळी पडली, कापली गेली, पुन्हा कोंभ फुटले. सारखा एकही फोटो नव्हता. सावलीसुद्धा उन्हाळ्या-हिवाळ्याला कूस बदलत होती. फोन दोन्ही हातांत धरलेला असल्यामुळं सावलीची दोन्ही कोपरं बाहेर आलेली, कढईला दोन कान असावेत तशी.

सरकवता सरकवता माझं बोट थांबलं. एका फोटोत सावलीला एकच कोपर होतं. दुसरा हात खाली गेला होता आणि त्याच्यापासून जमिनीपर्यंत एक सरळ काळी रेघ होती. पुढच्या फोटोतही ती होती, त्याच्या पुढच्यातही, आणि तिथून काल-परवापर्यंत, सावली पडलेल्या एकूण एक फोटोत होती. काठी! माझ्या वडलांच्या हातात काठी आली होती आणि मला तिची खबर नव्हती.

शिक्षकखोलीत पोरींच्या वह्यांचा गठ्ठा समोर होता, आणि मी परत मागं मागं जाऊन तो पहिला दिवस शोधत होते. सापडला. पोळ्यानंतरचा आठवडा, पावसानं उघडीप दिलेली. त्या दिवशीचा फोटो सातला आलेला नव्हता, साडेदहाला आला होता. म्हणून सावलीही आखूड, पायाशी गोळा झालेली. आणि खाली मी काय लिहिलं होतं? आज उशीर झाला वाटतं, मी शाळेत आहे. पुढं जोडलेले हात. त्या साडेतीन तासांत त्या माणसावर काय गुजरलं असेल? पडले असतील? एकटेच उठले असतील? उठल्यावर पहिलं काम त्यांनी हे केलं होतं, की बांधावर जाऊन माझ्यासाठी फोटो काढला होता. मग मला दिवाळीही आठवली. ते येतो म्हणाले होते आणि ऐनवेळी हळदीला पाणी द्यायचं निघालं. मी फुगून बसले होते. मीही गेले नाही, घरी पाहुणे होते. पाणी कसलं न् काय! मला काठी दिसू नये म्हणून ते आले नव्हते.

मी फोन लावला. अण्णा, काठी कधी घेतली? पलीकडून, "कंची काठी?" म्हटलं, फोटोतल्या सावलीत दिसून राहिली. "ती व्हय? अगं, रानात डुकरं लई झालीत. हाकलायला ठिवली." म्हटलं, तब्येत बरी आहे ना? "मला काय धाड भरली? बराबर हाय मी. तू तुझी शाळा बघ, माय." आमच्याकडे बाप लेकीला माय म्हणतो. त्या दिवशी ते ऐकून मला रडू आवरेना, कारण माय असती तर तिला त्याच दिवशी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन थरथरला. मी पदराला हातही न पुसता तो उघडला. आज काठी नव्हती. सावलीची दोन्ही कोपरं पुन्हा बाहेर होती, पहिल्यासारखी. माझ्यासाठी त्यांनी काठी बाजूला ठेवली होती! पण लिंब उजवीकडे कलंडला होता, बांध वाकडा झाला होता, आणि हळदीची पानं एकमेकांत मिसळून गेली होती. दोन्ही हातांनी धरूनही फोन स्थिर राहिला नव्हता, कारण उभा राहणारा माणूसच स्थिर नव्हता. मी पाहतच होते, तेवढ्यात त्या अ‍ॅपनं वरून एक पट्टी सोडली. एक धूसर फोटो सापडला आहे, काढून टाकायचा?

मी ते अ‍ॅपच काढून टाकलं, मुख्याध्यापकांना रजेचं कळवलं आणि डेपो गाठला. वाटेतली कळमनुरी मागं पडली तरी एकच प्रश्न डोक्यात होता. ज्याच्याकडे कधीही जाता येतं, त्याच्याकडेच आपण जायचे राहतो का? दूरदेशीच्या माणसासाठी आपण तिकिटं काढतो, दिवस मोजतो; आणि जो तासाभरावर आहे त्याला उद्यावर टाकतो. माझा सगळा ओढा त्या एका तासात गोठून राहिला होता, आणि मला वाटत होतं की मी आठवण जपते आहे. आठवण कसली? फोनच्या कपाटात कोंबलेली चित्रं, न उघडलेली.

फाट्यावर उतरून चालत गेले. अण्णा बांधावर बसलेले होते, वाळत्या हळदीच्या पातीकडे पाहत. मला पाहताच ते उठायला गेले. एक हात जमिनीवर, एक गुडघ्यावर. केवढे खंगले होते! काठी मागं लिंबाच्या बुंध्याला टेकवलेली होती, आणि तिच्याकडे चुकूनही न पाहता ते तसेच, डगमगत, माझ्याकडे दोन पावलं आले. चेहऱ्यावर आनंद होता, पण त्याच्याआधी काळजी होती.

"काहून आलीस माय?" ते म्हणाले. "माझा फोटू पोचला न्हाई का?"

मी त्यांच्या मागं जाऊन काठी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली.