कबरीवरचं गवत काढताना

मित्रांनो, माझ्या ओढणीवरचं रक्त मी अजून धुतलेलं नाही.

इथून परदेशी गेलेल्या पूर्वजांच्या खुणा शोधायला आलेल्या सहा ज्यू तरुणांना मी आज सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या एका माळावरच्या जुन्या ज्यू कबरस्तानात घेऊन गेले. त्यांच्यातल्या दानीला पणजोबांची कबर सापडली. सगळे तिच्यावरचं गवत उपटू लागले.

तेवढ्यात “गुप्तधन उकरत्यात, हाणा!” असं ओरडत चौघे काठ्या घेऊन धावून आले.

“भाऊ, पावणे हायेत!” मी आडवी आले. मला ढकलून एकाने दानीच्या डोक्यात काठी घातली.

“आई गं!” तो कळवळला. मराठी त्याला आजीने शिकवलीय.

दुसऱ्यांदा उगारलेली काठी थांबली. “मंग आधीच मराठीत बोलायचं नाय का, राव?”

दानीला सात टाके पडले. त्याच्या पाच मित्रांना मराठी येत नाही. त्यांनी काय ओरडायचं होतं?