लग्नाचं दळण

परवा नांदेडला बाजारातून येताना एका गिरणीसमोर पाय थांबले. ज्वारीच्या गरम पिठाचा वास आला आणि मला पुसेगावजवळचं आमचं गाव आठवलं. गावात दुकान एक, हापसा एक आणि गिरणी एक. गिरणीची पुकपुक ऐकू आली की बाया दळणाचे डबे घेऊन निघत.

माझ्या लग्नाचं दळण घेऊन माय आणि मी गेलो, त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. "लग्नघरचं दळण हाय, व्हा पुढं," म्हणत बायांनी आपापले डबे मागं ओढले. मी हरखले. नवरा शहरातला, घरात नळ. कधी एकदा गाव सुटतं असं मला झालं होतं.

दळण झालं. ऊन ऊन पिठात मायनं हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दळण न्यायचं काम लहानपणापासून माझंच, म्हणून मी डोक्यावर चुंबळ ठेवून वाकले. तिनं माझा हात बाजूला केला.

"काहून माय? जड हाय."

"व्हय, पण आता मलाच न्यायचंय ना. आजपासून सवय करू दे."

मी हसले. रिकाम्या हातांनी तिच्या मागं चालत राहिले. डब्याखाली तिची मान थोडी थोडी कापत होती आणि मी बांगड्यांच्या रंगाबद्दल बोलत होते.

माय जाऊन बरीच वर्षं झाली. ती वाट मी मनात अजून चालते. तेव्हा मी काहीच बोलत नाही, नुसती तिच्या अगदी जवळून चालते.