पाहुण्याचं पहिलं 'नको'

भरल्या ताटासमोर उपाशी राहण्याची कला जगात एकाच माणसाला पुरती साधली होती, आणि तो माणूस जर्मनीत दोन वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत राहत होता. मूळचा सटाण्याकडचा. मी नाशिकचा, म्हणजे परदेशातल्या हिशेबानं आम्ही सख्खे भाऊच. आईवडिलांनी ठेवलेलं चांगलंसं नाव त्याला होतं, पण आम्ही सगळे त्याला 'पाहुणे' म्हणायचो, कारण तो स्वतःच्या खोलीतसुद्धा खुर्चीच्या कडेवर बसायचा. समोर काहीही खायला धरा, त्याचा हात आधी छातीशी जायचा, मान कलायची आणि तोंडातून "नको नको, आत्ताच झालं" बाहेर पडायचं. पुन्हा विचारलं की "बरं, थोडंसंच." आणखी एकदा विचारलं की पातेलं रिकामं.

पहिल्या दिवशी मी पिठलं-भात केला होता. "जेवतोस का?" म्हटलं, तर म्हणाला, "नाय नाय, विमानात लय खाल्लं." विमानातून उतरून त्याला पुरता एक दिवस झाला होता. मी आपलं घरच्या सवयीनं "अरे घे रे, लाजतोस काय" म्हटलं, आणि मग मला माझ्यासाठी पुन्हा तांदूळ धुवावे लागले. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पाहुण्यानं नको म्हणायचं, घरच्या बाईनं वाढायचं, पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा आणि बाईनं बोटांच्या फटीतून भात सोडायचा, हे सगळं ठरलेलंच असतं. फक्त हे जर्मन लोकांना कुणी कळवलेलं नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. त्या दर रविवारी सफरचंदाचा केक करत आणि त्याचा वास जिन्यातून थेट आमच्या खोल्यांत शिरत असे. एका रविवारी त्यांनी पाहुण्यांना जिन्यातच गाठलं आणि केकची बशी पुढे केली. पाहुण्यांनी छातीला हात लावला, मान कलवली, आत्ताच झालं म्हणून सांगितलं. आजी गोड हसल्या, "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी वरून बघत होतो. हा गृहस्थ त्या बंद दाराकडे बघत तसाच उभा. मी खाली जाऊन विचारलं, "काय रे, काय झालं?" तर हळूच म्हणाला, "थांब ना. परत उघडतील."

दार उघडलं नाही. कोणाचंच उघडत नसे. वर्गातल्या कुणाचा वाढदिवस असला की पिझ्झाचं ताट टेबलाभोवती फिरायचं. पाहुणे नको म्हणायचे, ताट पुढे जायचं, आणि ते संपेपर्यंत यांची नजर त्याच्यामागून टेबलाला प्रदक्षिणा घालायची. दुसरी फेरी होईल या आशेवर ते शेवटपर्यंत बसत आणि घरी येऊन तिथला तो विटेसारखा घट्ट, काळा पाव चहात बुडवून खात. मी चिडायचो. "अरे, भूक लागली तर हो म्हणावं सरळ!" त्यावर त्याचा चेहरा मी काही अचकटविचकट सांगितल्यासारखा व्हायचा. "चार माणसांत? पहिल्याच फटक्यात? लोक काय म्हणतील, सटाण्याची माणसं कधी जेवली नाय का?" शेवटी त्याच्या पोटासाठी मलाच कुठंही त्याच्याबरोबर जावं लागायचं. तो नको म्हणाला की मी बाजूनं "घे रे, घे" म्हणायचो आणि यजमानांना चमत्कारिक इंग्रजीत समजावायचो, की याला हवंय, फक्त अजून वेळ आहे.

हाच माणूस स्वतः यजमान झाला की मात्र जुलमी व्हायचा. आमच्याकडे पोलंडचा एक आडदांड मुलगा राहत असे. पाहुण्यांच्या खिचडीची एकदा तारीफ करण्याची चूक त्यानं केली. तो "पुरे" म्हणे, हे वाढत. तो पोटावर हात ठेवून खरंच पुरे म्हणे, हे तूप सोडत. शेवटी त्या बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी ताटली झाकली, तर पाहुण्यांनी त्या हातांवरच पळीभर खिचडी वाढली. आपल्या खिचडीचं एवढं कौतुक होतंय म्हणून हे खूश. त्यानंतर तो मुलगा स्वयंपाकघरात कोण आहे ते आधी डोकावून पाहायचा आणि मगच आत यायचा.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मात्र प्रकरण गळ्याशी आलं. पाहुणे शिकायला आले होते ते भाजीपाला साठवण्याचं शास्त्र, आणि आले होते एका कारणासाठी. त्यांच्या घरच्या कांदाचाळीत साठवून ठेवलेला कांदा दिवाळीपर्यंत निम्मा सडायचा. लहानपणापासून दर पावसाळ्यात आईबरोबर बसून सडका कांदा निवडण्यात त्याचे रविवार गेले होते. "तो वास नाय जात रे हातांचा," असं तो एकदा म्हणाला होता, आणि तेव्हा तो अजिबात हसत नव्हता. त्याच्या प्राध्यापक मॅडम नेमकं हेच संशोधन करत होत्या आणि त्यांच्याकडे पुढच्या तीन वर्षांसाठी एक जागा होती. ती मिळाली तर ठीक, नाहीतर शिक्षण अर्धवट डोक्यात घेऊन घरी.

एका दुपारी तो उड्या मारतच घरी आला. "विचारलं! मॅडमनी स्वतःहून विचारलं, जागा घेतोस का म्हणून!"

"मग? तू काय म्हणालास?"

"नको म्हटलं."

मी मटकन खाली बसलो. तो मात्र मजेत होता. "अरे, लगेच कसं हो म्हणणार? बरं नाय दिसत ते. म्हटलं, माझ्यापेक्षा हुशार मुलं आहेत, त्यांना द्या. उद्या-परवा विचारतील परत."

उद्या गेला, परवा गेला, आठवडा गेला. मॅडम रोज भेटत, छान बोलत आणि जागेचा विषय काढत नसत. मग कळलं, की सोमवारी त्या जागेची जाहिरात निघणार आहे. पाहुण्यांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, आत्ता जा आणि सांग. तर म्हणे, "मागायला जाऊ? तोंड उघडून?" हो म्हणायची लाज वाटणाऱ्याला मागायला पाठवणं म्हणजे कठीणच होतं. शेवटी रिकाम्या हातानं जाणं बरं नाही म्हणून त्यानं आईनं पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरले आणि मला जवळजवळ ओढतच नेलं.

मॅडमच्या खोलीत गेल्यावर तो जागेबद्दल अक्षर बोलेना. डबा उघडून पुढे केला. मॅडम म्हणाल्या, "आभारी आहे, पण नको, मी आत्ताच जेवले." हे त्याला ओळखीचं होतं! त्याला एकदम हुरूप आला. "एक तरी घ्या." "खरंच नको." "आईनं केलेत, मॅडम, अर्धा तरी!" आणि त्यांनी पुन्हा काही म्हणायच्या आत त्यानं त्यांच्या कागदांवर लाडू ठेवूनसुद्धा दिला. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, लाडवाकडे बघितलं आणि नाइलाजानं एक घास घेतला. मग आणखी एक घेतला.

"मी दोनदा नाही म्हणाले," त्या म्हणाल्या, "तरी तुम्ही थांबला का नाहीत?"

"मॅडम, आमच्याकडे पहिलं 'नको' धरत नाहीत."

त्या चावायच्या थांबल्या. उरलेला लाडू त्यांनी हळूच खाली ठेवला. "मग मागच्या आठवड्यात तुम्ही मला जे 'नको' म्हणालात, ते कितवं होतं?"

पाहुण्यांचे कान लाल झाले. "पहिलंच, मॅडम."

इतक्या मोठ्यानं हसणारी जर्मन बाई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. डोळे पुसून त्यांनी पुन्हा विचारलं, "जागा घेता का?" त्याचा हात छातीकडे निघालाच होता. मी मागून त्याचा सदरा ओढला. "हो," तो म्हणाला, आणि त्यानं घाबरून माझ्याकडे बघितलं.

मी नाशिकला परत आलो, अंबडच्या एका कारखान्यात लागलो. तो तिकडेच राहिला, तीन वर्षांवर आणखी काही वर्षं गेली. चाळीत हवा खेळती ठेवायची काहीतरी युक्ती त्यानं वडिलांना शिकवली आणि आता त्यांचा कांदा दिवाळीच्या पुढे टिकतो. परवाच्या हिवाळ्यात गावी जाताना तो माझ्या घरी उतरला. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. तिनं "अजून एक" एवढंच म्हटलं, तर "हो, द्या ना काकू," म्हणून त्यानं ताट पुढे केलं. आई बिचारी गडबडली. पुढची सगळी वाक्यं तिच्या तोंडातच राहिली. दुसऱ्या पोळीनंतर तो "बस" म्हणाला, आणि ते खरंच बस होतं.

संध्याकाळी त्याला सटाण्याच्या गाडीला सोडायला गेलो. "राहा रे आजचा दिवस," मी म्हटलं. "नाही रे, नाही जमणार." मी आणखी दोनदा म्हणून पाहिलं, उगाच. मग हसून त्याला म्हटलं, "पाहुणे, तुम्ही अगदी साहेब झालात की." तो हसला नाही.

"मध्यंतरी एकदा घरी गेलो ना," तो म्हणाला, "आईनं भाकरी पुढं केली. मी लगेच हो म्हटलं. तशी ती चुलीकडं तोंड करून बसली. मला कळेचना काय झालं. मग डोळे पुसत म्हणते, 'दादा, तठे जर्मनीमा तू उपाशी राहस का रे?'"

गाडी लागली. त्यानं पिशवी खांद्याला लावली. "म्हणून आता घरी गेलो की आठवणीनं आधी नको म्हणतो," तो म्हणाला, "पण भूक लागलेली असते रे, विसरायला होतं." आणि कंडक्टर ओरडला तसा तो चढून आत गेला. मला फार वाईट वाटलं. तिकडे सटाण्यात ती माउली गरम भाकरी हातात घेऊन, लेकानं एकदा तरी नको म्हणावं म्हणून वाट बघत बसली असणार.